लक्ष्मीपूजनाच्या ताटातला मासा

माझी नणंद मासे खात नाही. कोकणातून आलेल्या आमच्या घरात हे एक आश्चर्यच, कारण सासूबाईंना टोपलीतले बोंबील ताजे की शिळे ते लांबूनच कळतं. आणि या न खाणाऱ्या बाईनेच गेली कित्येक वर्षं एका माशाचा ध्यास घेतलाय. खऱ्या नाही, टपाल तिकिटांवरच्या आणि नाण्यांवरच्या.

सीलाकँथ त्याचं नाव. डायनासोरांबरोबर हाही कधीच संपला, असं शास्त्रज्ञ खात्रीने सांगत होते. त्यांनी तो पाहिला होता तो फक्त दगडातल्या ठशांत. मग दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधी दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात तो चक्क जाळ्यात सापडला. निळसर, जाड खवल्यांचा, आणि पर असे की आखूड हातपायच वाटावेत. तिथल्या एका छोट्या संग्रहालयातल्या बाईच्या लक्षात आलं की हे काहीतरी वेगळंच आहे, आणि तिने तो हट्टाने जपून ठेवला. पुढे कोमोरोस बेटांजवळ तो परत मिळाला तेव्हा कळलं, तिथल्या कोळ्यांना तो आधीपासून माहीत होता. चवीला धड नाही म्हणून ते त्याला मोजत नव्हते. यावर सासूबाईंचं मत ठरलेलं, खायला बरा नाही तर कौतुक कसलं.

नणंद अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. लग्न केलं नाही, आमच्यासोबतच चिखलोलीला राहते. माझ्या नवऱ्याहून धाकटी आणि माझ्याहून मोठी, म्हणून ती मला वहिनी म्हणते आणि मी तिला ताई. सुट्टीच्या दिवशी इतर बायका साड्या बघायला उल्हासनगरला जातात. ही जाते एका सिंधी दुकानदाराकडे, जो जुन्या नोटा, नाणी आणि तिकिटं विकतो. मीही एकदा सोबत गेले होते. हिला बघताच त्याने हातातलं गिऱ्हाईक सोडलं आणि म्हणाला, "आओ दीदी, आपकी मछली आयी है." बाजारात बाईला अशी इज्जत सोनाराकडे मिळते, तीही विकत घेताना. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी त्याने दिलं ते कोमोरोसचं नाणं. ॲल्युमिनियमचं, हलकं, वर्षानुवर्षं वापरून काळपटलेलं, पण माशाचं खवलं न् खवलं शाबूत. नाणं कडेनेच धरायचं, पुसायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही, हे तिने मला रिक्षात बसल्या बसल्या शिकवलं. जुनेपणाचा रंग गेला की नाणेवाल्यांच्या लेखी ते मेलं. मी गमतीने विचारलं, की सगळ्यांनी मोडीत काढलेला मासा हिला एवढा का आवडतो, त्यात स्वतःचं काही दिसतं का. ती हसली आणि म्हणाली, "वहिनी, मासा मासाच असतो. मला त्याचं तोंड आवडतं."

यंदा दिवाळीनंतर उल्हासनगरला तिकिटं आणि नाण्यांचं प्रदर्शन होतं, त्यात स्पर्धाही. एवढ्या वर्षांत तिचा संग्रह घराबाहेरच्या कुणी पाहिला नव्हता. या वेळी तिने नाव दिलं. कामावरून आल्यावर जेवण उरकून ती तिकिटांची पानं मांडत बसायची, आणि सगळ्याच्या मधोमध ते नाणं. बक्षीस मिळो न मिळो, असं ती म्हणायची, पण तिला ते हवं होतं. आम्हाला कळत होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला कामावर जावं लागलं. आमच्याकडे त्या दिवशी घरातली चांदीची नाणी चिंच-मिठाने घासतात, पंचामृताने धुतात आणि हळदकुंकू लावून देवीपुढे मांडतात. हे काम सासूबाईंचं, त्यात कुणी हात घालायचा नाही. संध्याकाळी नणंद आली, हातपाय धुऊन पूजेला उभी राहिली आणि ताटाकडे बघतच राहिली. चांदीच्या नाण्यांच्या ओळीत तिचा मासा होता. लख्ख. खवली घासली गेलेली, कपाळावर कुंकू.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुझंही मांडलंय हो. किती काळं पडलं होतं! चिंचेला बधेना, मग काथ्या घेतला."

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तोच नणंदेने माझा हात दाबला. मग तिने शांतपणे आरती केली, सगळ्यांबरोबर म्हटली, नाण्यांना नमस्कार केला. स्वयंपाकघरात मी तिला गाठलं आणि म्हटलं, निदान त्यांना कळू तरी द्या काय केलंय ते. ती डोळे पुसत होती, पण चिडलेली नव्हती.

"वहिनी, आईने माझी एकही वस्तू आजवर देवापुढे ठेवली नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका."

प्रदर्शनाला मी सोबत गेले. गुडघ्यांमुळे सासूबाई घरीच. ते नाणं काढून टाका, तिकिटांवर निभावेल, असं दुकानदारानेही तिला सांगून पाहिलं होतं. तिने ते मधोमधच ठेवलं. परीक्षक आले, तिकिटं बघून खूश झाले, एकेका पानापाशी थांबले. नाण्यापाशी आले आणि भुवया वर गेल्या. हे एवढं चमकतं कसं, त्यांनी विचारलं. माझ्या आईने चिंचेने आणि काथ्याने घासून लक्ष्मीपूजनाला मांडलं होतं, असं तिने सरळ सांगितलं. मान खाली घातली नाही की आईवर ढकललंही नाही. ते सौम्यपणे म्हणाले, की बाई, याचे गुण कापावे लागतील. ती म्हणाली, कापा.

बक्षीस दुसऱ्याला गेलं. एवढं मोठं मन माझ्यात नाही, हे मला येताना रिक्षात पुरतं कळलं.

दार सासूबाईंनीच उघडलं. बक्षिसाचं काही विचारलं नाही. आधी विचारलं, "माझ्या नाण्याला काय म्हणाले?"

नणंद चपला काढत म्हणाली, "साहेब तिथेच थांबले, आई. हे एवढं चमकतं कसं म्हणाले."

"मग सांगायचं होतंस ना, चिंच आणि काथ्या."

"सांगितलं की."

सासूबाईंचा चेहरा असा फुलला की माझ्या लग्नातही फुलला नव्हता. आत जाता जाता त्या म्हणाल्या, पुढच्या दिवाळीला तुझी बाकीची नाणीही काढून ठेव, सगळी घासून देते.

"ठेवते," नणंद म्हणाली.