जीपपुढे उभा राहणारा माणूस

उतारावर ब्रेक दाबला की अजून मला तो माणूस समोर दिसतो.

दुसरं महायुद्ध संपलं आणि कल्याणच्या लष्करी छावणीतल्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. मी डॉक्टर, टिटवाळ्यापलीकडच्या गावांत रोगी बघायला जायचो, म्हणून एक स्वस्तातली घेतली. तिला ब्रेक जवळजवळ नव्हतेच.

ते बसवायला ती विठ्ठलवाडीच्या एका मिस्त्रीकडे दिली; त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बुटका, अबोल माणूस. नट आवळून झाला की त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. चार दिवसांनी त्याने गाडी एका उतारावर चढवली, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः खाली जाऊन वाटेच्या मधोमध उभा राहिला.

"या आता," तो खालून म्हणाला.

"अहो, बाजूला व्हा. ब्रेक लागला नाही तर?"

"बिरेक मी बसवलेत, डाक्टर. भ्यायचं तं मी भ्यायचं. तुमी निसता पाय दाबा."

शेजारचा चहावाला म्हणाला, "प्रत्येक गाडीला तो असंच करतो. जागचा हलत नाही."

गाडी सुटली. पार खाली आल्यावर मी डोळे मिटून पाय दाबला.

डोळे उघडले तर तो वीतभर अंतरावर होता, बॉनेटवर हात टेकवून. हात थरथरत होता. इंजिनामुळे असेल म्हणून मी इंजिन बंद केलं.

हात थरथरतच राहिला.

"न्या गाडी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने त्याने तो घट्ट धरला.