दोन चिमटी मीठ

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, शेवटचं ताक मी दिलं. महिना झाला, पण माझं गाडं तिथंच अडलं आहे. नांदूरघाटला माहेरी गेले होते. लालबुंद चेहऱ्यानं तो शेतावरून आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "सखू, मान लई ठणकायलीय. गरगरतंय." उन्हातून आलेल्याला चक्कर आली की आपण सगळ्याजणी जे करतो तेच मी केलं, ताकात चांगलं दोन चिमटी मीठ घालून दिलं. पेला रिकामा करून तो हसला, आणि थोड्या वेळानं त्याचं तोंड वाकडं झालं… तिसऱ्या दिवशी गेला.

दादा कधी आजारी म्हणून पडला नव्हता. दोन वर्षांमागं एकदा नाकातून रक्त आलं, थांबेना, म्हणून छकड्यातून बीडच्या दवाखान्यात नेला. हैदराबादहून आलेल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, वारा भरला आणि पाऱ्याची नळी पाहून रक्ताचा दाब फार वाढल्याचं सांगितलं. मीठ, तंबाखू सोडा, तूप कमी करा. दादा चिडूनच परतला. "बैलावानी आवळला मला! आन् वर मीठ न्हाई, तंबाखू न्हाई… मंग जगायचं कावून?" गावचे वैद्य म्हणाले, कमजोरी आहे, तूप वाढवा. ते सगळ्यांना पटलं. चौकटीला डोकं लागणाऱ्या माणसाला कमजोरी कसली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तेराव्यानंतर बीडला जाऊन मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "माझ्या ताकानं गेला का तो?"

"एका पेल्यानं कुणी मरत नाही, बाई. हे वर्षानुवर्षांचं. मीठ, तंबाखू, वजन… वडील कशानं गेले?"

"जेवता जेवता कलंडले. बाहेरचं काही असेल म्हणाले लोक."

"मग तेही त्यात धरा."

एक कारण विचारायला गेले आणि चार घेऊन बसले. यातलं नेमकं कोणतं, ते त्यांनाही सांगता येईना. त्याला दरसाल लोणच्याची बरणी मीच पाठवत होते, हे मात्र मी बोलले नाही. मग ते म्हणाले, "हात पुढं करा." पारा चढताना मी पाहिला.

"तुमचाही जास्त आहे."

"मला काही होत नाही."

"त्यांनाही होत नव्हतं."

घरी येऊन ताटावर बसले. भाजी चाखण्याआधीच बोटांत मीठ आलं होतं. ही खोड दादाची, म्हणून आम्ही सगळे त्याला हसायचो… माझ्या हाताकडे कुणी पाहिलंच नव्हतं.