‘पाठवला’ म्हणणारं सॉफ्टवेअर

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सॉफ्टवेअर बनवण्यापर्यंत. मध्यंतरी मालकांनी फर्मावलं, पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर थेट निरोप जाईल असं काहीतरी कर. परदेशी गिऱ्हाइकं ऐनवेळी रंग बदलतात आणि भलताच माल खोक्यात जातो. पॅकिंगच्या बाई कुंभारीहून यायच्या. "आता एक जरी खोकं चुकलं तर यायचं न्हाई," असं मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

असं सॉफ्टवेअर बनवायची दोन तयार साधनं मी तपासली. माझ्या लॅपटॉपवर नाही, पॅकिंगच्याच त्या जुनाट, सुताच्या धुळीनं भरलेल्या कॉम्प्युटरवर. पहिलं दिसायला झकास, एका जागेवरून सगळ्या कॉम्प्युटरवर चढणारं. पण समोरचा कॉम्प्युटर बंद असला की निरोप गायब, आणि पाठवणाऱ्याला मात्र ‘पाठवला’ अशी हिरवी खूण. दुसरं ओबडधोबड, प्रत्येक मशीनपाशी जाऊन बसवायचं. पण ते निरोप धरून ठेवायचं आणि कॉम्प्युटर सुरू झाला की दाखवायचं. आमच्याकडे खरा मुद्दा हाच. आगीच्या भीतीनं मालकांचे काका रोज संध्याकाळी कारखान्याचा मेन स्विच पाडतात, त्याला हात जोडतात आणि मगच कुलूप लावतात. गिऱ्हाइकांचे फोन त्यानंतर मालकांच्या घरी येतात.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. पुण्याहून मालकांचे जावई व्हिडिओवर होते. ते हसले. "मेन बंद करू नका. प्रश्न मिटला." जावयाचा शब्द खाली पडू द्यायची त्या घरात रीत नाही. मालकांनी मान डोलावली, काकांनीही डोलावली, पहिलं साधन ठरलं. त्याच संध्याकाळी काकांनी मेन पाडला, हात जोडले आणि कुलूप लावलं. मी मालकांना म्हटलं, तर "बघू" म्हणाले.

व्हायचं तेच झालं. मालकांनी घरून निरोप टाकला, निळे नकोत, पांढरे भरा. सकाळी पॅकिंगच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. बाईंनी निळे भरले.

"पाठवलाय की! हे बघ हिरवं," मालकांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी पुन्हा मेनचं सांगितलं.

"म्हणजे जावयांचं चुकलं म्हणतीस?"

बाई दारात उभ्या होत्या. "दिसला असता तर निळं कशाला भरलं असतं, मालक?" एवढंच म्हणाल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. दुपारी डबा न उघडताच त्या कुंभारीच्या रिक्षात बसल्या. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता नव्या बाई आल्यात. त्यांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात. मी सांगितलं, "स्क्रीनवर काही दिसो न दिसो, खोकं भरायच्या आधी मालकांना फोन करून रंग विचारायचा."

"मग ह्यो कॉम्प्युटर कशाला ठिवलाय?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला कामावरून काढताना हिरवी खूण दाखवायला, हे अगदी ओठांवर आलं होतं.