दुसऱ्या गिअरमधली फेरी

आमची गाडी बिघडली की मला राग गाडीचा येत नाही, बाबांचा येतो. त्या संध्याकाळीही तसंच झालं. बरकतपुऱ्याहून नल्लकुंट्याकडे वळताना गाडीनं दुसरा गिअर सोडला, नुसती घरघर केली आणि भर रस्त्यात उभी राहिली. बाबांचा फोन आला, "जरा येतेस का? गिअर पडेना झालाय." मी स्कूटर काढून गेले, तर बाबा स्टिअरिंगसमोर शांत, शेजारी आई त्याहून शांत, आणि मागे अर्धं हैदराबाद हॉर्न वाजवत उभं.

"बाबा, ही तिसरी वेळ आहे या महिन्यात," मी खिडकीतूनच सुरू झाले. "तुम्ही नक्की करता काय या गाडीचं?"

"आधी बाजूला घेऊ," ते म्हणाले. चहाच्या दुकानातल्या चारजणांनी धक्का मारला, मी रिक्षा थांबवली आणि आईला उतरवायला दार उघडलं. ती उतरेना. बाबा खाली उतरून तिच्या बाजूला येईपर्यंत तिनं मला हात लावू दिला नाही.

बाबा सत्याहत्तर वर्षांचे. आमच्याकडे दोन पिढ्या वकिलीच्या. आजोबांचे कागद सगळे उर्दूत, बाबांचे इंग्रजीत, आणि मी कॉलेजात गणित शिकवून ती परंपरा बंद केली. जन्मभर कोर्टात बोलून बोलून बाबांचे शब्द बहुतेक संपलेत. घरात कुणी जाब विचारला की ते चष्मा पुसतात. मी मात्र आजोबांवर गेलेय. कधीतरी आजोबांनीच मला गाडी शिकवायला घेतली होती, तेव्हा दुसऱ्याच दिवशी विद्यानगरच्या चौकात आमचे दोघांचे आवाज असे चढले की मी गाडी तिथेच सोडून चालत घरी आले. म्हणून मला अजून स्कूटरच येते.

आईला दोन वर्षांपासून विसर पडायला लागला. दिवसभर तशी बरी असते, कोथिंबीर निवडते, टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देते. पाच वाजले की बिनसतं. पर्स काखोटीला मारून दाराशी उभी राहते. "मला घरी जायचंय." अगं, हेच घर आहे, असं म्हटलं तर आणखी चिडते. "माझी मुलगी लहान आहे हो. शाळेतून आली असेल, एकटी वाट बघत असेल. मला सोडा."

ती मुलगी म्हणजे मी. चोपन्न वर्षांची, तिच्याच समोर उभी. पहिले काही दिवस मी रडले, मग भांडले, मग दमले. औषध बाबांनी शोधलं. त्यांनी एके दिवशी काही न बोलता किल्ली घेतली, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि नल्लकुंट्यातून चिक्कडपल्ली, तिथून नामपल्ली स्टेशन, मग बरकतपुऱ्यावरून परत, असं तासभर फिरवून आणलं. दार उघडून आत आल्याबरोबर आई म्हणाली, "आले बाई एकदाची घरी," आणि चपला काढून जेवायला बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी फेरी. पाऊस असो, सण असो, चुकवायची नाही.

खरं सांगते, तो तास माझा होता. ते दोघं बाहेर पडले की मी चहा करून घ्यायची आणि पाय वर घेऊन गप्प बसून राहायची. दोन वर्षांत एकदाही मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले नाही. बोलावलं असतं तरी गेले नसते.

गाडी चिक्कडपल्लीच्या गल्लीत गॅरेजवाल्या उस्तादांकडे ओढून नेली. हे उस्ताद बाबांच्याच वयाचे, आमची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. त्यांची एक रीत आहे. गिअरबॉक्स उतरवून खोलतात, एकेक भाग धुऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडतात, आणि मग गाडी जो चालवतो त्याला स्वतः येऊन बघायला लावतात. त्यानं बघितल्याशिवाय पुढचा पाना लागत नाही. मी फोनवर म्हटलं, उस्ताद, करून टाका ना, आम्हाला घाई आहे. "नक्को अम्मा," ते म्हणाले. "वकील साब को लाओ. चलानेवाला देखे बगैर मैं हाथ नहीं लगाता." आणि बाबांना तेव्हाच कणकण आली. चार दिवस गेले.

ते चार दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पहिल्या संध्याकाळी मी टॅक्सी बोलावली आणि आईला घेऊन मागे बसले. ती पुढे वाकून ड्रायव्हरकडे बघत राहिली. सिग्नलला गाडी थांबली तसं तिनं दार उघडलं. मी तिला कमरेला धरून आत ओढलं, तर ती किंचाळली की ही बाई मला पळवून नेतेय. लोक बघायला लागले. मी ती बाई नाही, मुलगी आहे, हे मी त्या ड्रायव्हरला समजावत होते. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बघितली, तिच्यात ती चढलीच नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आठ वाजेपर्यंत दाराशी उभी होती, आणि तापातले बाबा खुर्ची टाकून तिच्याजवळ बसले होते. जेवली नाही ती. मी ठरवून टाकलं की ही गाडी विकायची आणि बिनगिअरची घ्यायची.

"ऑटोमॅटिक घेऊ," मी म्हटलं. "तुम्हाला गिअर झेपत नाहीत आता. कबूल करा."

"दुसऱ्या गाडीत ती बसायची नाही," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून आम्ही गेलो. उस्तादांनी बाबांना स्टूल दिलं. वर्तमानपत्रावर सगळे गिअर मांडलेले, स्वच्छ, तेलानं चमकणारे. उस्तादांनी आधी तिसरा उचलून माझ्या हातात दिला, मग चौथा, मग पाचवा. दात कसे कालच बसवल्यासारखे. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सगळा बॉक्स नवा करून दिला होता. शेवटी दुसरा दिला. त्याचे दात गोल झाले होते, गोटीसारखे. क्लचची प्लेट काळीठिक्कर, जळलेली.

"ये गाडी दो साल से सेकंड में ही चली," उस्ताद म्हणाले. "सेकंड में उठती, सेकंड में चलती. ऊपर का गिअर किसी ने डालाच नहीं."

झालं. माझा पारा चढला. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, नामपल्लीपर्यंत जाऊन येतो आणि दुसऱ्यात? "बाबा, कमाल आहे तुमची," मी तिथेच सुरू केलं. "तिसरा कुठे असतो विसरलात का? तुम्हालाही व्हायला लागलं का आईसारखं?" बोलले आणि जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

उस्तादांनी माझ्या हातातला गिअर काढून घेतला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पूरा बैठता नहीं था ये," ते बाबांना म्हणाले. "आधा पडता था, जल्दी में. वकील साब, आप सीधे हाथ से डालते थे क्या?"

गिअर डाव्या हाताला असतो. उजव्या हातानं तो टाकायचा तर स्टिअरिंग सोडून अंगावरून हात पलीकडे न्यावा लागतो. असं कुणी का करेल, मला कळेना.

बाबा माझ्याकडे न बघता उस्तादांशी बोलले. "दूसरा हाथ खाली नहीं रहता ना, उस्ताद."

"अम्मा बाजू में बैठते?"

"हौ. हाथ पकड के बैठते. छोडा तो डर जाते." मग म्हणाले, "घर पहुंचे तक नहीं छोडते."

मी त्या वर्तमानपत्राकडे बघत उभी राहिले. दोन वर्षं रोज तासभर हा माणूस एका हातानं हैदराबादच्या गर्दीत गाडी चालवत होता. थांबलेल्या गाडीत उजव्या हातानं कसाबसा दुसरा टाकायचा आणि तोच घेऊन घरापर्यंत यायचं, कारण वरचा टाकायचा तर तिचा हात सोडावा लागला असता. आणि मी घरी पाय वर घेऊन चहा पीत होते, आणि परत आल्यावर यांना म्हणत होते की इतका वेळ का लागला. मला माझीच लाज वाटली, भयंकर वाटली.

"सांगायचं होतंत ना मला," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस," बाबा म्हणाले. खरंच होतं ते. केली असती.

उस्तादांनी तो झिजलेला गिअर बाजूला ठेवला. "छुडाना नक्को," ते बाबांना म्हणाले. "आपका हाथ गिअर पे रखो, और अम्मा का हाथ आपके हाथ पे. हिलाने के पहले बोलना. बोल के हिलाए तो नहीं डरते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और तुम पीछे बैठना, अम्मा. पीछे से रस्ता देखने को कोई होना."

गाडी दोन दिवसांनी आली. पाचला मी मागच्या सीटवर बसले, पहिल्यांदा. आईनं बसल्याबरोबर डावीकडून हात पुढे केला आणि बाबांचा हात पकडला, इतक्या सवयीनं की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. बाबांनी तो हात तसाच गिअरवर नेला. "आता पहिला," ते म्हणाले. आई दचकली, पण धरून राहिली. "आता दुसरा." वळणापर्यंत गेलो. "आता तिसरा." हात पुढे सरकला तसा तिनं आपला काढून छातीशी घेतला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. बाबांनी लगेच दुसऱ्यात आणली. ती सगळी फेरी दुसऱ्यातच झाली, आणि मागून मी कुठल्या रिक्षा येतायत ते सांगत राहिले. ओरडून नाही, हळू आवाजात. मला जमलं ते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चिक्कडपल्लीच्या पुढे एकदा तिसरा पडला आणि तिनं हात काढला नाही. त्यानंतर रोज थोडा थोडा. कॉलेजातून मी पावणेपाचच्या आत घरी यायला लागले. मागच्या सीटवरून मला दोघांचे खांदे दिसतात आणि मधे एकावर एक ठेवलेले दोन हात. चहा आता परत आल्यावर करते.

आठवडा झाला असेल. नामपल्लीकडचा रस्ता जरा मोकळा मिळाला. बाबा बोलायच्या आत आई म्हणाली, "आता तिसरा," आणि तिनंच हात पुढे ढकलला. बाबांनी घाईनं क्लच दाबला. गिअर पडला, आवाज न करता. बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात आईला माझं नाव एकदाही आठवलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

परतीच्या वाटेवर, बरकतपुऱ्याच्या अलीकडे, तिचं रोजचं सुरू झालं. "मुलगी एकटी असेल हो घरी. वाट बघत असेल."

"नाही," बाबा म्हणाले. "आज बरोबर घेतलीय तिला. मागे बसलीय."

आई वळली. हात न सोडता, मान शक्य तेवढी मागे करून तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, अगदी नीट. मी हलले नाही.

"बरं केलंत," ती बाबांना म्हणाली आणि पुन्हा समोर बघायला लागली. "आता चौथा टाका."