पियानोच्या खुंट्यांना मी तेल घातलं

मंडळी, आज दुपारची गोष्ट सांगते.

आमच्या उमरग्याच्या शाळेत एक जुना जर्मन पियानो आहे. आज सोलापूरहून जोसेफकाका तो सुरात लावायला आले. झाकण उघडून कौतुकानं सांगत होते, "बाई, या कारखान्याचं जगात नाव हाय ते उगाच न्हाय. दोनशेच्या वर लोखंडी खुंट्या, पण डिंक न्हाय, स्क्रू न्हाय. नुसत्या लाकडाच्या पकडीवर सगळ्या तारा ताणून धरल्यात."

बोलता बोलता थांबले. बोट नाकाशी नेलं. "इथं तेल कुणी सोडलं?"

मीच. दिवाळीच्या साफसफाईत गंज दिसला, म्हणून शिलाई मशीनचं तेल घातलं. तंबोऱ्याची खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू लावणारी मी संगीतशिक्षिका! लोखंड दिसलं अन् अक्कल गेली.

"तेल लाकडात मुरलंय. आता एकेक खुंटी सैल होत जाणार," काका हळूच म्हणाले.

तेवढ्यात हेडसर आले. "झाला का ठीक?"

मी म्हणाले, "हो सर."

काका हत्यारं पिशवीत भरायला लागले. उद्या प्रार्थनेला तोच पियानो वाजवायचाय.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?

हेडसर, तुम्हीपण या ग्रुपात आहात. वाचलंत का?