माप बरोबर निघालं

मावशीचा आवाज असा, की तिच्या व्हॅनचा हॉर्न कित्येक महिने बिघडलेला होता तरी कोणाला पत्ता लागला नव्हता. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून तिने "चला रे!" म्हटलं, की वरच्या मजल्यांवरची मुलं दप्तरं सावरत धडाधड खाली उतरत.

गाडी मुळात नवऱ्याची. शाळेच्या मुलांची ने-आण हा त्याचा धंदा. जिन्यावरून पडल्यावर त्याच्या कमरेने कायमचा दगा दिला, तेव्हा घरापुढे दोनच वाटा उरल्या: गाडी विकायची, नाहीतर मावशीने ती हातात घ्यायची. तोवर तिने शिलाई मशीनखेरीज दुसरं कुठलं चाक फिरवलं नव्हतं. नवरा पाठीला उशी लावून शेजारच्या सीटवर बसायचा, शिकवायचा, आणि ती गिअर टाकायला लागली की डोळे मिटून घ्यायचा. पण चाळिशी उलटलेली ती बाई शिकली, आणि अशी शिकली की आया आपली पोरं तिच्या हवाली करून निर्धास्त घरात वळू लागल्या. नवरा आता खिडकीपाशी खुर्चीत बसून पालकांचे फोन घ्यायचा आणि उरलेला वेळ उंटावरून शेळ्या हाकायचा.

मग गाडीतलं पेट्रोल लवकर संपायला लागलं. रस्ता तोच, मुलं तीच, पण आठवडाभर पुरणारी टाकी आठवड्याच्या मध्येच धाप टाकू लागली.

"इंजिन माझ्या हाताखालचं आहे, ते असं खाणार नाही," नवरा म्हणाला. "पंपावर मारतायत. कोण भरतं गं तुझ्या गाडीत?"

"तो चष्मेवाला."

"मग झालं तर!"

चौकातल्या पंपावर हा चष्मेवाला बरीच वर्षं होता. जाड भिंगांचा चष्मा, दांडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं मोजकं. पेट्रोल सोडताना तो मीटरला अगदी नाक लावून उभा राहायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला आकडे दिसायचे ते फक्त त्याच्या खांद्यावरून, मान उंच केली तर. मावशीने हे आधी हजारदा पाहिलं होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण एकदा संशय मनात शिरला, की माणसाचं उभं राहणंसुद्धा वाकडं दिसायला लागतं.

त्यातच एका दुपारी, मुलं गाडीत असताना, व्हॅन भर रस्त्यात आचके देऊन थांबली. काटा तळाला. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने बाटलीतून थोडं पेट्रोल आणून दिलं आणि त्याबरोबर सल्लाही दिला, "मावशी, तो माणूस मीटरला चिकटून उभा राहतो, ते काय उगाच?"

झालं. मावशीच्या आवाजाला काम मिळालं. शाळेच्या फाटकाशी, गॅरेजपाशी, जो ड्रायव्हर भेटेल त्याला ती सांगत सुटली, "त्या पंपावर जाऊ नका, हातोहात गंडवतो." ऐकणाऱ्या प्रत्येकालाही आपली टाकी लवकर संपते असं वाटायला लागलं. नुसत्या पाठीमागच्या बोलण्याने तिचं समाधान होईना, म्हणून एका सकाळी मुलांना शाळेत सोडून तिने व्हॅन थेट पंपावर घातली.

"काय हो भाऊ, मुलांच्या गाडीतलं पेट्रोल मारताना लाज नाही वाटत?"

चौकातले लोक वळून बघायला लागले. टेम्पोवालाही होताच. चष्मेवाल्याने नळी जागेवर अडकवली. त्याचे कान लाल झाले होते, पण तो आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, मोजून बघू या."

तो आतून मापाचा डबा घेऊन आला. गळ्याशी बारीक काच, तिच्यावर पाच लिटरची खूण, बाजूला तपासणीचा शिक्का. मीटर शून्यावर असल्याचं त्याने मावशीला दाखवलं, आणि तो मुद्दाम दोन पावलं बाजूला होऊन उभा राहिला. पाचाचा आकडा येताच नळी बंद झाली. सगळ्यांच्या माना डब्यावर वाकल्या. पेट्रोल बरोबर खुणेवर टेकलं होतं.

जमलेल्यांचा अगदी विरस झाला. मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं, पण हार मानेल तर ती मावशी कसली! "आज बरोबर आहे. रोज असतं कशावरून?"

चष्मेवाल्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो व्हॅनच्या मागच्या चाकापाशी जाऊन नाकाने हवा ओढत होता.

"मावशी, गाडीत वास येतो का कधी?"

"पोरं म्हणतात मधूनमधून. पंपावरून आलं की यायचाच."

"टाकी भरताना सांडतं त्याचा वास वरून येतो," तो म्हणाला. "तुमच्या गाडीला खालून येतोय."

त्याने चार जणांना हाक मारली. गाडी सुरू न करता त्यांनी ती ढकलत पंपांपासून लांब, मोकळ्या कोपऱ्यात नेली. त्याने सगळ्यांना मागे सरकवलं, लाल बादल्यांतली वाळू जवळ आणून ठेवली आणि अंगातल्या कपड्यांची पर्वा न करता जमिनीवर आडवा झाला.

"आता चालू करा. जरासंच."

मावशीने किल्ली फिरवली.

"बंद करा! बंद करा मावशी!"

त्या माणसाचा चढलेला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. ती उतरून वाकली. टाकीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी एका पट्टीवर घासून चिरली होती. इंजिन बंद असताना तिथून थेंब गळत नव्हता, म्हणून घरापुढे कधी डाग दिसला नाही. इंजिन सुरू झालं की मात्र चिरेतून बारीक चिळकांडी उडत होती, आणि तिथून वीतभर अंतरावर सायलेन्सरची नळी होती.

"ही तापते तेव्हा..." चष्मेवाला बोलता बोलता थांबला.

मावशी तिथेच जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढून मागची सीट जाईना. खिडकीसाठी भांडणारी जुळी भावंडं, रोज झोपून जाणारी ती धाकटी, "मावशी, वास येतोय" म्हणून नाक दाबणारा तिचा दादा. त्याला तिने गप्प केलं होतं. कोणीतरी पाणी दिलं, ते अर्धं पदरावर सांडलं.

गॅरेजवाल्याने येऊन गाडी ओढून नेली आणि संध्याकाळचा वायदा केला. पण शाळा तर दुपारी सुटणार! मावशीने पदराने डोळे पुसले आणि फोन काढला, तोवर टेम्पोवाल्याने दोन रिक्षावाले पकडून आणले होते. दुपारी ती पुढच्या रिक्षात बसली, मागे दुसरी, आणि सगळी मुलं नेहमीसारखी भांडत घरी पोचली. प्रत्येक दारात मावशीने काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. धाकटीच्या आईने पोरीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मावशीचा हात बराच वेळ धरून ठेवला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकलं. "साप साप म्हणून भुई धोपटली आपण," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, "इंजिन माझं चांगलं, म्हणत होतो. नळीकडे बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी पंपावर गेली. काय बोलायचं ते तिने रस्ताभर घोकलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरली.

"भाऊ, मी तुमच्याबद्दल गावभर बोलले हो."

"कळलं होतं," चष्मेवाला म्हणाला. "रागही आला होता. पण बाकीचे नुसते यायचे बंद होतात, मावशी. तुम्ही भांडायला का होईना, गाडी घेऊन आलात. दुसऱ्या पंपावर गेला असतात तर खाली कोणी वाकलं असतं?"

मावशीला रडू आवरेना. तो गडबडला आणि कारण नसताना तिच्या गाडीची काच पुसायला लागला.

बोलणं पसरवणं जितकं सोपं गेलं, तितकंच ते गोळा करणं जड गेलं. "मावशी, तुम्हाला फुकट टाकी भरून दिली वाटतं?" असं लोक विचारत. तेव्हा तिने दुसरा मार्ग धरला. ऐन गर्दीच्या वेळी ती त्याच पंपावर जायची आणि चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "या माणसामुळे माझी पोरं वाचली!" तो ओशाळून म्हणायचा, "मावशी, हळू." मावशीला हळू बोलता येत नसे. गाडीतल्या एका मुलाची आई चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. मावशीने चष्मेवाल्याला धरून तिथे नेलं. नवा नंबर मिळाल्यावर तो मीटरपासून हातभर लांब उभा राहू लागला, आणि लोकांच्या शंका आपोआप विरल्या.

एका रविवारी मावशीने त्याला आणि त्याच्या बायकोला व्हॅनमधून तळ्याकाठी नेलं. नवऱ्याला तिने आणि चष्मेवाल्याने दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. कित्येक दिवसांत तो घराबाहेर पडला नव्हता. काठावर सतरंजी पसरल्यावर ते दोघे पुरुष कार्ब्युरेटर आणि ब्रेकवर जे सुरू झाले, ते थांबेचनात.

"घरी यांच्या तोंडातून शब्द निघत नाही हो," चष्मेवाल्याची बायको नवलाने म्हणाली.

"आमच्याकडे उलटं आहे," मावशी म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या. ऊन उतरत होतं. पाण्यावरून गार वारा आला, तशी मावशी उठली आणि तिने आपली शाल नेऊन नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. बोलण्याच्या भरात त्याला कळलंही नाही. ती तशीच जरा वेळ त्याच्यामागे उभी राहिली, हात जोडल्यासारखे एकमेकांत गुंतवून.