बाईंच्या कमरेचा पंप

मला दमा होता त्यापेक्षा त्याची चर्चाच जास्त होती. वरोऱ्यात कुणीही भेटलं की अब्बांना सांगायचं, "पंपाची सवय लागते भाऊ, पोरीले नका देऊ." फुकटचे डॉक्टर सगळे.

शाळेचा नियमही तसाच. कुणाचंही औषध ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची चावी हेडमास्तरांच्या खिशात. एकदा गणिताच्या तासाला मला दम लागला आणि हेडमास्तर सर चावीसकट बँकेत गेलेले. शिपाई सायकल हाणत चावी घेऊन आला, तोवर माझे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी अब्बा दुकान बंद करून शाळेत हजर. अब्बा टेलर, एरवी गाईसारखे गरीब. "काऊन सर, दम काय चावी येईपर्यंत थांबते का?"

सर वरमले. औषध आता वर्गाच्या बाईंजवळ राहील, असं ठरलं. अब्बांनी उरलेल्या कापडाचा बटवा शिवून दिला, बाईंनी तो कमरेला खोचला. "आता फक्त सुपारी राह्यली," म्हणाल्या.

माझा जीव मात्र खो-खोत अडकलेला. भद्रावतीचा सामना आला आणि सर म्हणाले, "पंपवाली पोरगी पळणार नाई." असा संताप आला मला, डबासुद्धा उघडला नाही. बाई शांतपणे सरांना म्हणाल्या, "नियम तुमचाच आहे ना सर? औषध माझ्याजवळ. जिथी ती, तिथी मी."

झालं. भद्रावतीला मी मैदानात पळतेय आणि बाई पदर खोचून रेषेबाहेरून माझ्यासोबत. पब्लिक त्यांनाच पाहून हसत होतं. शेवटी आमच्यातली मी एकटी उरले. थोडा तग धरला की सामना आमचा, तेवढ्यात छातीत शिट्टी वाजायला लागली. बाईंना आत यायची बंदी, आणि मी रेषा ओलांडली की बाद. बाई पंप काढून उभ्याच होत्या.

"ये बाहेर. सामना गेला चुलीत."

गेले. हरलो. एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडून राह्यली. संपला आपला खो-खो, हे मी धरूनच चालले.

पुढच्या वर्षी संघ निघाला तेव्हा मी फाटकाशी उभी होते, मैत्रिणींना टाटा करायला. सर माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाले, "पंप घेतला ना? मग ही इथी काऊन उभी आहे?"